दोनशेतलं एक मूल: न दिसणारा पोलिओ कसा शोधतात, कसा अडवतात

ताप येतो, दोन-तीन दिवसांत उतरतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सकाळी मूल उठायला जातं आणि त्याचा एक पाय खाली दुमडतो. पायाला चिमटा काढला तर मूल कळवळतं, म्हणजे स्पर्श कळतो आहे. पण पाय हलवता येत नाही. हातात धरून वर उचलला आणि सोडला तर ओल्या फडक्यासारखा अंथरुणावर पडतो. बहुतेकदा दोन्ही पाय सारखे गेलेले नसतात. एकच जातो, किंवा एक जास्त आणि दुसरा कमी. पोलिओचा लुळेपणा असा येतो, आणि दोन-तीन दिवसांत जेवढा यायचा तेवढा येऊन थांबतो.

या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आणि ते जायलाच हवं. पण पोलिओ समजून घ्यायचा असेल तर आजूबाजूच्या मुलांकडेही बघावं लागतं. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराची लागण झालेल्या साधारण २०० मुलांमागे एकाला लुळेपणा येतो, दुसऱ्या प्रकारात तर सुमारे २,००० मुलांमागे एकाला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना थोडा ताप, घसादुखी, उलट्या होतात आणि ती बरी होतात. ही मुलं अंगणवाडीत जातात, खेळतात, मामाच्या गावाला जातात, आणि कित्येक आठवडे त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणजे पहिला लुळा पाय दिसतो तेव्हा विषाणू गावभर फिरून झालेला असतो. केस नसताना सगळ्या मुलांना थेंब पाजणं, बोटाला शाई लावणं, गटाराचं पाणी तपासायला नेणं, हे सगळं या एका आकड्यामुळे करावं लागतं.

विषाणू तोंडावाटे आत जातो आणि शौचावाटे बाहेर येतो. बाळाची शी काढून नीट न धुतलेला हात किंवा गटारातून गेलेल्या फुटक्या नळाचं पाणी त्याला पुरतं. लागण झाल्यापासून लुळेपणा दिसेपर्यंत बहुतेकदा एक ते तीन आठवडे जातात. घशात आणि आतड्यात वाढलेला विषाणू क्वचित एखाद्या मुलात मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून पोलिओवर आजही औषध नाही. व्यायाम, पायाला आधार देणारा कॅलिपर आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी उरलेल्या ताकदीचा चांगला उपयोग करून घेता येतो, तेवढंच. श्वासाचे स्नायू गेले तर मूल दगावू शकतं. लुळेपणा आलेल्यांपैकी ५ ते १० टक्के मुलं अशी जातात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती अजूनही फारशी कुणाला माहीत नसते. पोलिओची लागण झालेल्या पण लुळेपणा न आलेल्या मुलाला त्या दिवसांत दंडात किंवा कुल्ल्यात स्नायूमध्ये इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो. साध्या तापाला सुई मागण्याची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पोलिओ गावोगाव होता त्या काळात या सवयीने कित्येक पाय घेतले.

थेंब आणि सुई: दोन्ही का?

हा प्रश्न पालक सर्वांत जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे.

तोंडाने द्यायच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो खऱ्या विषाणूच्याच वाटेने जातो, आतड्यात वाढतो आणि आतड्याच्या अस्तरालाच राखण शिकवतो. नंतर खरा विषाणू आला तर त्याला तिथे वाढायला जागा मिळत नाही. म्हणजे मूल स्वतः वाचतं आणि पुढे कुणाला विषाणू देण्याची शक्यताही खूप कमी होते. सुईच्या लसीत मारलेला विषाणू असतो. ती रक्तात प्रतिकारशक्ती तयार करते आणि विषाणूला मज्जारज्जूपर्यंत जाऊ देत नाही. पण आतड्याची राखण ती फारशी करत नाही. फक्त सुई घेतलेलं मूल लुळं पडणार नाही, मात्र लागण झाली तर त्याच्या शौचातून विषाणू जाऊ शकतो. म्हणून खासगी दवाखान्यात सहा रोगांची एकत्र लस घेतलेल्या मुलालाही पोलिओ रविवारी बूथवर थेंब पाजायचेच. त्यात काही दुप्पट होत नाही आणि धोकाही नाही.

आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात थेंब जन्मल्यावर (उशीर झाला तरी पहिल्या १५ दिवसांत), मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, आणि बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, असे दिले जातात. प्रत्येक वेळी दोनच थेंब. सुईची लस ६ आणि १४ आठवड्यांना, आणि जानेवारी २०२३ पासून तिसऱ्यांदा ९ महिने पूर्ण झाल्यावर. या सुईचा डोस ०.१ मिलिलिटर, म्हणजे पूर्ण डोसच्या पाचवा हिस्सा, आणि तो कातडीच्या थरात देतात. कातडीत प्रतिकारशक्तीच्या पेशी दाट असतात, म्हणून एवढ्याशा डोसमध्ये काम भागतं. पण सुई थराच्या खाली चरबीत गेली तर तेवढा डोस पुरत नाही. बरोबर दिली की तिथे संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा येतो. पहिले दोन डोस उजव्या दंडावर, तिसरा डाव्या दंडावर.

एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेला डोस द्यायचा, पुढच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं. तोंडाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. जुलाब होत असले तरी थेंब द्यावेत, आणि मुलाने ते थुंकले तर लगेच परत पाजावेत. आईचं दूध आधी किंवा नंतर पाजायला काहीच हरकत नाही. जिवंत लस टाळावी लागते ती जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्या मुलांत. अशा घरात हे आधी डॉक्टरांना सांगावं.

एकाच दिवशी सगळ्यांना

दर मुलाला वयाप्रमाणे लस मिळत असेल तर पल्स पोलिओ कशाला? उत्तर प्रदेश आणि बिहारने या प्रश्नाचं उत्तर जगाला दिलं. तिथल्या दाट वस्त्यांत आतड्यात इतर विषाणूंची इतकी गर्दी आणि जुलाबाचा इतका त्रास होता, की लसीच्या विषाणूला रुजायलाच जागा मिळेना. अभ्यासांत दिसलं की तिन्ही प्रकारांची एकत्र लस उत्तर प्रदेशात एका डोसमागे शंभरातल्या जेमतेम दहा मुलांना पहिल्या प्रकारापासून संरक्षण देत होती. इतर देशांत तीन डोसांत होणारं काम तिथे आठ-दहा डोस देऊनही पुरं होत नव्हतं.

आणि पोलिओ तर भलताच पसरणारा. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक लागण सरासरी पाच ते सात जणांना पोचते. साखळी तोडायची तर शंभरातल्या ८० ते ८६ जणांना संरक्षण हवं, आणि तेही खरोखरचं संरक्षण, नुसती कार्डावरची नोंद चालत नाही. सगळ्या मुलांना एकाच दिवसात लस दिली की विषाणूला एकाच वेळी सगळीकडची आतडी बंद मिळतात. त्याला दुसरा यजमान मिळाला नाही की तो मरतो, कारण माणसाशिवाय त्याला निसर्गात दुसरं घर नाही. देशव्यापी फेऱ्या सहसा थंडीत ठेवण्याचं कारणही हेच: पावसाळा संपल्यावर विषाणू कमीत कमी ठिकाणी उरलेला असतो, तेव्हाच घाव घालायचा.

देशव्यापी फेऱ्या भारतात १९९५ च्या डिसेंबरात सुरू झाल्या. पुढे एकेका फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना थेंब मिळत. तरीही २००९ मध्ये ७४१ केसेस झाल्या. मग दोन गोष्टी बदलल्या. जानेवारी २०१० पासून फक्त पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची लस आली, जी जास्त रुजते. आणि उत्तर प्रदेश-बिहारमधले १०७ अतिजोखमीचे तालुके निवडून तिथे लसीसोबत पाणी, हात धुणं, जुलाबावर झिंक आणि ओआरएस असं सगळं एकत्र नेलं. २०१० मध्ये ४२ केसेस, २०११ मध्ये एक. ती शेवटची केस पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली, १३ जानेवारी २०११ ची. २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

बूथवर काय चुकतं

फेरीत रविवारी बूथ लागतो आणि पुढचे काही दिवस टीम घरोघर जाते. पाजलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला, नखावर आणि नखाच्या कडेच्या कातडीवर, शाई लावतात. घरातली पाच वर्षांखालची सगळी मुलं झाली असतील तर दारावर ‘पी’, एकही राहिलं असेल तर ‘एक्स’. खरी कसोटी त्या एक्स घरांत असते. कुलूप होतं, मूल आजीकडे गेलं होतं, बाळ झोपलं होतं, किंवा बापाने नको म्हटलं. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो, आणि टीमला संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं. घाईत एक्सचा पी करून टाकला की त्या घरातलं मूल कागदावर सुरक्षित होतं आणि प्रत्यक्षात उघडं राहतं. म्हणून पर्यवेक्षक दारावरची खूण बघून थांबत नाहीत, गल्लीत खेळणाऱ्या मुलांची बोटं बघतात.

दुसरी चूक लसीच्या थंडपणाची. तोंडाची पोलिओ लस ही उष्णतेला सगळ्यांत हळवी लस. ती मोठ्या साठ्यात उणे २० अंशांना ठेवतात, आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांत, आणि बूथवर चार आइसपॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये. लेबल भिजून निघू नये म्हणून व्हायल प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. प्रत्येक व्हायलवर जांभळा गोल आणि त्यात फिका चौकोन असतो. त्याला व्हीव्हीएम म्हणतात. उष्णता जसजशी साठत जाते तसतसा चौकोन गडद होतो आणि तो परत फिका होत नाही, नंतर फ्रीजमध्ये ठेवला तरी. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकून द्यायची. ३७ अंशांवर ही लस साधारण दोनच दिवस तग धरते, त्यामुळे एप्रिलच्या विदर्भात कॅरियरचं झाकण उघडं राहणं ही लहान चूक नसते. पालकांनी व्हायल बघायला मागितली तर नर्सताईंनी राग मानू नये, उलट चौकोन दाखवावा.

सुईच्या लसीचं दुखणं नेमकं उलटं आहे. ती गोठली की बाद. तिच्या कॅरियरमध्ये फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच ठेवायचा नाही. बाहेर ठेवून त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय ऐकायचं, मगच आत. एकाच डब्यात दोन्ही लसी नेताना हमखास चूक होते ती इथे.

आणि लेबल वाचायचंच, कितीही घाई असली तरी. ३१ जानेवारी २०२१ च्या फेरीत यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. लस ज्या डब्यात आणि ज्या टेबलावर, तिथे दुसरी कुठलीच बाटली असू नये, एवढा साधा नियम पाळला असता तर ती दवाखान्यात गेली नसती.

लसीचाच विषाणू पसरतो तेव्हा

हा भाग अवघड आहे, आणि तो लोकांपासून झाकून ठेवण्यात काही शहाणपण नाही. तोंडाच्या लसीतला दुबळा विषाणू पाजलेल्या मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर येतो. आजूबाजूच्या मुलांना लस मिळालेली असेल तर तो तिथेच संपतो. पण बऱ्याच मुलांना लस नसेल तर तो एका पोटातून दुसऱ्या पोटात असा महिनोन्‌महिने फिरतो, बदलत जातो आणि एक दिवस पुन्हा लुळेपणा आणण्याइतका ताकदवान होतो. विषाणूच्या एका जनुकातली सुमारे ९०० अक्षरं मूळ लसीशी ताडून बघतात. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात १० किंवा जास्त अक्षरं बदललेली असली, दुसऱ्या प्रकारात ६ किंवा जास्त, तर तो ‘लसजन्य’ विषाणू मानतात. हे बदल साधारण वर्षाला एक टक्का या वेगाने होतात, म्हणून फरक मोजला की तो किती काळ नजरेआड फिरत होता याचा अंदाज येतो.

दुसऱ्या प्रकाराचा खरा विषाणू शेवटचा १९९९ मध्ये अलीगढमध्ये सापडला आणि २०१५ मध्ये त्याचं उच्चाटन जाहीर झालं. मग एप्रिल २०१६ मध्ये जगभर लसीतून दुसरा प्रकार काढला गेला. तो काढला की त्याचा लसजन्य त्रासही संपेल, असा हिशेब होता. हिशेब चुकला. जिथे नियमित लसीकरण आधीच पोकळ होतं, विशेषतः आफ्रिकेत, तिथे उरलेला दुसऱ्या प्रकाराचा लसजन्य विषाणू मोकाट सुटला, आणि नवी मुलं त्याच्यापुढे उघडी होती. आता त्यासाठी सहजासहजी न बदलणारी नवी तोंडाची लस आहे, २०२१ पासून वापरात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला याच प्रकारामुळे लुळेपणा आला. २०२४ मध्ये गाझात २५ वर्षांनी पहिली केस झाली, दहा महिन्यांच्या बाळाला. तिथे पाण्याची आणि गटारांची व्यवस्था युद्धात कोलमडलेली होती. सप्टेंबरमध्ये, बॉम्बवर्षाव काही तास थांबवून, दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले. त्याच वर्षी मेघालयातही एका बालकात लसजन्य विषाणू सापडला. दोष थेंबांचा म्हणून थेंब बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की जिथे जिथे आग पसरली, तिथे ती लस न मिळालेल्या मुलांच्या मधून पसरली.

खरा, म्हणजे मूळ जंगली विषाणू आता फक्त पहिल्या प्रकाराचा उरला आहे आणि तो पाकिस्तान-अफगाणिस्तानात आहे. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ केसेस झाल्या. आदल्या वर्षी दोन्हीकडे सहा-सहा होत्या. पाकिस्तानच्या वाणाचा विषाणू मलावीत पोचून तिथे एका मुलीला २०२१ मध्ये लुळेपणा आला. कराची ते मुंबई हे अंतर त्यापेक्षा किती कमी!

शौचाची डबी आणि गटाराची बाटली

पोलिओ संपला हे सिद्ध करायला रोज शोध घ्यावा लागतो. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक कुठल्याही अवयवात ढिला लुळेपणा आला, कारण काही का असेना, तर ती ‘एएफपी’ (अ‍ॅक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस, म्हणजे अचानक आलेला ढिला लुळेपणा) केस म्हणून कळवायची. डॉक्टरने “हा जीबीएस आहे, पोलिओ नाही” असं ठरवलं (जीबीएस म्हणजे लुळेपणा आणणारा नसांचा दुसरा एक आजार) तरी कळवायचंच. निदान प्रयोगशाळा करेल. मग शौचाचे दोन नमुने, निदान २४ तासांच्या अंतराने, आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा, सुमारे ८ ग्रॅम. दोन का? विषाणू रोज सारखा बाहेर पडत नाही. चौदा दिवसच का? त्यानंतर तो सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते. डबी फिरकीच्या झाकणाची, बर्फात, आणि ७२ तासांत प्रयोगशाळेत. ६० दिवसांनी मुलाला पुन्हा तपासतात, ताकद परत आली की नाही बघायला.

आता यातली खुबी. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी असा लुळेपणा होतच असतो. भारतात पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला किमान दोन अशा केसेस सापडायला हव्यात. जिल्ह्यात अशी आठ लाख मुलं असतील तर सोळा. एकही नोंद नसेल तर तिथे रोग नाही असा त्याचा अर्थ होत नाही, तिथे कुणी बघत नाही असा होतो. म्हणून खबर देणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञांइतकाच गावातला हाडवैद्यही महत्त्वाचा. लुळं पडलेलं मूल पुष्कळदा आधी त्याच्याकडे नेतात.

लुळेपणाची वाट न बघता विषाणू पकडायची जागा म्हणजे गटार. भारतात हे काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. सकाळी, शौचालयांची वर्दळ सर्वांत जास्त असते त्या वेळी, ठरलेल्या पंपिंग स्टेशनवरून लिटरभर सांडपाणी घेतात, थंड ठेवून परळच्या प्रयोगशाळेत नेतात, घट्ट करतात आणि पेशींवर वाढवून बघतात. हजारो घरांचा एकाच बाटलीत घेतलेला हा नमुना, कुणाला न टोचता, कुणाच्या दारात न जाता.

आपल्याकडे आज निसटण्याची सगळ्यांत मोठी जागा म्हणजे ऊसतोडीचे फड, वीटभट्ट्या आणि बांधकामं. दिवाळीच्या सुमाराला बीडहून निघालेलं कुटुंब सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत राहतं. बाळाचे ६, १० आणि १४ आठवडे नेमके त्याच दिवसांत येतात. गावची आशाताई घराला कुलूप बघते, कारखान्याकडच्या आशाच्या यादीत ते बाळ नसतं. लस मात्र कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही राज्यात, कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. बोचक्यात माता-बाल संरक्षण कार्ड असलं की पुढचा डोस कुठला ते तिथल्या नर्सताईंना लगेच कळतं. कार्ड हरवलं असेल तरी डोस नाकारायचा नाही. मुकादमाने टोळीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आल्या दिवशीच उपकेंद्रात दिली, तर शंभर कोप्या पायी शोधण्याचं काम एका कागदावर येतं.